ट्यूबवरची पट्टी, औषधावरचा त्रिकोण आणि जिजीची डबी

माझं चोपड्याला कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. दातांचा आणि माझा धंद्याचा संबंध शून्य. तरी ही पोस्ट टूथपेस्टवर आहे आणि लांब आहे, आधीच सांगतो.

झालं असं, परवा भरदुपारी अडावदकडचे एक आबा आले. कपाशीच्या बियाण्याचं विचारलं, पाणी प्यायले आणि पिशवीतून किराण्यातली टूथपेस्ट काढून माझ्यापुढे ठेवली. "भाऊ, हिच्यावर काळी पट्टी शे. पुतण्या म्हणतो, हे पूर्ण केमिकल. परत करू का?" ट्यूबच्या शेपटाशी तो छोटा रंगीत चौकोन असतो, तो दाखवत होते. तुमच्याही फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येऊन गेला असेल : हिरवी पट्टी म्हणजे नैसर्गिक, निळी म्हणजे नैसर्गिक अधिक औषध, लाल म्हणजे थोडं केमिकल, काळी म्हणजे निव्वळ केमिकल.

त्या पट्टीत काहीही नाही. ट्यूबचा लांबच लांब पत्रा कारखान्यात मशीनवरून पळत असतो. कुठे कापायचं, कुठे दुमडायचं हे मशीनच्या सेन्सरला कळावं म्हणून ती खूण. मागच्या रंगावर उठून दिसेल तो रंग घेतात, बस.

पण आबांना हसण्यात अर्थ नव्हता. तो माणूस चाळीस वर्षं माझ्यासारख्यांच्या दुकानातून रंग बघूनच डबे नेतोय. कीटकनाशकाच्या डब्यावर खरोखरच रंगीत त्रिकोण असतो आणि तो कायद्याने असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. लिहितावाचता न येणाऱ्यालाही विषाची पायरी कळावी म्हणून ती सोय आहे. ज्याने आयुष्यभर हे पाहिलं, तो टूथपेस्टवरच्या रंगाकडेही तसंच बघणार. मेसेज बनवणारा कोण होता माहीत नाही, पण शेतकऱ्याच्या डोक्यात जागा आधीच तयार होती.

आबा पेस्ट घेऊन गेले, मी मात्र अडकलो. घरी येऊन आमची ट्यूब उलटी केली. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचलं. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्या जातीचं, घासायला. सॉर्बिटॉल, पेस्ट वाळू नये म्हणून. सोडियम सॅकरिन, गोडीला. सोडियम लॉरिल सल्फेट, फेसाला. सीआय ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, नुसतं पांढरं दिसायला. युरोपने २०२२ मध्ये खाण्याच्या पदार्थांत त्याला बंदी घातली, पेस्टला ती बंदी नाही. तरी मला विचाराल तर रंगासाठी कशाला हवंय ते? दातांना त्याचा काडीचा उपयोग नाही. नसलेली पेस्ट मिळाली तर मी ती घेईन, पण त्यासाठी जळगावपर्यंत जाणार नाही.

फेसाचं मात्र घरातच बघितलंय. धाकट्या मुलीचं दर महिन्याला तोंड यायचं. त्या लॉरिल सल्फेटने काही जणांच्या तोंडात फोड वाढतात, सगळ्यांच्या नाही. आम्ही ते नसलेली पेस्ट आणली. फेस येत नाही म्हणून ती आठवडाभर कुरकुरली, "घासल्यासारखंच वाटत नाही पप्पा." फोड कमी झाले. पेस्टने झाले की परीक्षा संपली म्हणून, देव जाणे.

आता फ्लोराइड. सगळ्यात जास्त घाबरवणारे व्हिडिओ याच्यावरच. दुसऱ्या बाजूला, सगळ्या यादीत दात किडण्यावर पुराव्यानिशी काम करणारी हीच एक चीज. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, दाताच्या वरच्या थरातली खनिजं सुटायला लागतात. फ्लोराइड ती परत बसवायला मदत करतं आणि बसलेला थर आम्लाला जास्त दाद देत नाही. मग विष म्हणतात ते खोटं? तेही पूर्ण खोटं नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने माणसांचे दात आणि हाडं खराब झाली आहेत.

इथे मला माझा धंदा उपयोगी पडला. आमच्याकडे सगळा खेळ मात्रेचा. एका पंपाला किती मिली, ते डब्यावर लिहिलेलं असतं. आणि दर वर्षी कोणीतरी "वरून अजून एक झाकण" टाकतोच, मग पानं करपली की भांडायला माझ्याकडे.

म्हणून मी काय केलं, ऐकून हसाल. ब्रशवर जाहिरातीत दाखवतात तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाट काढली आणि ब्रश घेऊन मित्राच्या सराफी दुकानात गेलो. सोन्याच्या काट्यावर आधी कोरा ब्रश, मग पेस्टचा. १.१ ग्रॅम भरली. मित्र म्हणाला, "मजुरी किती लावू?" मग वाटाण्याएवढी काढली. ०.३ ग्रॅम.

आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १००० पीपीएम चालतं आणि आकडा ट्यूबवर छापावा लागतो. १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात, दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत. म्हणजे त्या लाटेत साधारण एक लिटर पाण्याच्या मर्यादेएवढं फ्लोराइड. मोठा माणूस ते थुंकून देतो, विषय संपला. पण पेस्ट स्ट्रॉबेरीच्या चवीची आणि घासणारा चार वर्षांचा असेल तर तो थुंकत नाही, गिळतो. आमचा भाचा तर बोटावर घेऊन चाटायचा आणि आम्ही कौतुकाने बघायचो! तीन वर्षांच्या आतल्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि ट्यूब मोठ्यांच्या हातात. बोअरचं पाणी पीत असाल तर ते एकदा तपासून घ्या, ट्यूबपेक्षा त्याची काळजी मोठी.

कोळशाच्या काळ्या पेस्टबद्दल एवढंच की घासून पांढरं करणं आणि घासून झिजवणं यात फार अंतर नसतं. गेरू घातलेल्या लाल मंजनाचंही तेच.

हे सगळं मी रात्री ओट्यावर बसून बायकोला सांगत होतो, तर जिजी आतून म्हणाली, "तुम्हना त्या फेसमा काय काय ऱ्हास कोन जाने. मनी मशेरी बरी. मना दात आजून कळनानी भाकर तोडतस."

जिजी म्हणजे माझी आई. तिच्या कमरेच्या पिशवीत पत्र्याची एक डबी असते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, खलायची, बोटाने हिरड्यांना लावून तासभर बसायचं. सकाळी, जेवण झाल्यावर, आणि हात रिकामा असेल तेव्हा. भाजतानाचा तो वास मला लहानपणापासून घराचा वास वाटतो, हेही खरं. पेस्टमध्ये आणि मंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. घरच्या तव्याला कोण बंदी करणार?

आणि आमच्याच दुकानात माझे वडील शेतकऱ्यांना सांगायचे, महागडं औषध परवडत नसेल तर तंबाखू उकळून तिचा अर्क फवारा, पिकावरचा मावा किडा मरतो. मरायचाच. निकोटीन ते. शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल नाही, काळी पट्टी नाही. दिवसा त्या अर्काचा सल्ला ऐकणारी आणि रात्री तीच तंबाखू हिरड्यांना लावणारी बाई एकच होती, आणि हे माझ्या लक्षात यायला मला सत्तेचाळीस वर्षं आणि अडावदचे आबा लागले.

मी जिजीला म्हटलं, तोंड उघड बघू. आधी नाही म्हणाली, मग मोबाईलच्या टॉर्चसमोर उघडलं. दात खरंच शाबूत आहेत, काळेभोर. डाव्या गालाच्या आत मात्र, जिथे ती मशेरी धरून ठेवते तिथे, नखाएवढा पांढुरका चट्टा आहे. बोट लावलं तर खरखरीत लागतो. दुखत नाही म्हणाली, म्हणून बोलली नाही.

आमच्या घरात पेस्ट आता फ्लोराइडवाली साधी स्वस्त आणली आहे, पट्टी लाल आहे. जिजीला गुरुवारी जळगावला दाखवायला नेतोय. काल पिशवी भरताना विचारत होती, "डबी संगे लेऊ का?"