बहुपदी कुठं लागते म्हणता? भेळेच्या गाड्यावरचा क्यूआर बघा

आमच्या कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. बहुपदी, ग्रुप (गणितातला, म्हणजे एकापाठोपाठ करता येणाऱ्या आणि उलटवताही येणाऱ्या क्रियांचा संच), मॅट्रिक्स (आकड्यांची चौकट) हे बीएस्सीचं बीजगणित कुठंच लागत नाही, लागलंच तर अ‍ॅप सोडवतंय, आणि कळतं फक्त हुशार पोरांनाच. मी राजारामपुरीत हाच विषय शिकवतो, आणि असलं वाचून एखादं पोरगं विषय सोडून देतं तेव्हा लई वाईट वाटतं.

पहिलं, कुठंच लागत नाही. रंकाळ्यावर भेळेच्या गाड्याला चिकटवलेला क्यूआर बघा, मधोमध चिंचेच्या पाण्याचा डाग, तरी पैसे जातात. कसे? समजा 3 आणि 5 पाठवायचेत, तर 3+5x अशी बहुपदी करायची आणि x ला 0, 1, 2, 3 घालून आलेले 3, 8, 13, 18 हे चारही आकडे पाठवायचे. वाटेत 13 चे 31 झाले तरी आलेखावर बाकीचे तीन बिंदू एकाच रेषेवर बसतात, 31 एकटाच बाहेर पडतो, म्हणजे चूक कुठली ते कळलं आणि 13 पण परत मिळाला. क्यूआरमध्ये हेच चालतं, बहुपदी मोठ्या असतात आणि आकडे 256 घटकांच्या फील्डमधले (बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार केले तरी ज्याच्या बाहेर जाता येत नाही असा संच) असतात एवढंच. रीड आणि सोलोमन या दोन गणितज्ञांनी ही पद्धत 1960 साली मांडली, तेव्हा क्यूआर जन्मालाही आला नव्हता, तो आला 1994 ला.

दुसरं, अ‍ॅप सोडवतंय. 2 किलो गूळ आणि 3 नारळ मिळून 210 रुपये, 4 किलो गूळ आणि 6 नारळ मिळून 420. घाला अ‍ॅपमध्ये, डिटरमिनंट (गूळ-नारळांच्या आकड्यांवरून काढायची संख्या, 2×6 वजा 3×4) शून्य, एकच ठरलेलं उत्तर नाही. पण दुसऱ्या बिलानं नवीन काहीच सांगितलं नाही, म्हणून गुळाचा भाव यातून निघणारच नाही, हे ओळखायला मॅट्रिक्स समजलेलं माणूस लागतं.

हुशार पोरांचं म्हणाल तर, ग्रुप म्हटलं की घाबरणाऱ्या एका पोरीच्या हातात मी पुठ्ठ्याचा चौरस दिला, चारी कोपऱ्यांवर नंबर टाकून. आधी पाव फेरी फिरव (a) मग पलट (b), आता आधी पलट मग फिरव. नंबर वेगळ्याच जागी आले. ती म्हणाली, "सर, म्हणजे इथं ab आणि ba एक नाहीत व्हय?" आणि उरलेले सगळे गुणाकार तिनं घरी जाऊन स्वतःच भरले, चौरस फिरवायच्या-पलटायच्या आठ रीतींचा आठ बाय आठचा अख्खा तक्ता.