लॉक कुणाच्या दाराला? मिरजेच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

‘आम्ही घरचं ओटीटी (इंटरनेटवरून मालिका-चित्रपट दाखवणारं ॲप) बंद का केलं नाही’ या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि जरा रागानं लिहिलंत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. ‘सगळ्या कुटुंबासाठी’ म्हणून पैसे घ्यायचे आणि त्याच ॲपवर शिवीगाळ, रक्तपात, नको ती दृश्यं ठेवायची, ही फसवणूक आहे. आई असून मी दर महिन्याला पैसे भरते, म्हणजे या सगळ्याला माझी संमती आहे. सेन्सॉर बोर्ड हे पास तरी कसं करतं? आणि कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावानं रोज दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवून जे करून दाखवलं, ते सांगलीतल्या शिकल्यासवरल्या लोकांना का जमू नये? सुट्टीत नातवंडं आली की रिमोट हातात घ्यायची भीती वाटते, असंही तुम्ही शेवटी लिहिलंत. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत मला ते वाक्य जास्त लागलं.

तुमचं जिथे बरोबर आहे तिथून सुरुवात करते. ‘पिन लावला की प्रश्न मिटला’ असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं. तुमची प्रतिक्रिया मी रात्री जेवताना सगळ्यांना वाचून दाखवली, तेव्हा अकरा वर्षांची लेक शांतपणे म्हणाली, “आई, पिन म्हणजे बाबांच्या गाडीचा नंबर आहे ना?” तिनं तो कधी वापरला नव्हता, पण तिला तो ठाऊक होता. पिन बदलला आणि लेखातलं ते वाक्यही काढलं.

आता लेखातला तो प्रसंग, कारण तुमचा राग त्यावरूनच सुरू झाला. धाकटा सहा वर्षांचा आहे. शाळेतून आला की पोह्यांची बशी घेऊन आजीशेजारी बसतो आणि कार्टून बघतो. त्या दिवशी भाग संपला आणि आपोआप एका मालिकेचा ट्रेलर सुरू झाला. खून, किंकाळ्या. सासूबाईंना रिमोटवर बटण सापडेपर्यंत तो संपलासुद्धा. त्या रात्री पोरगा दिवा चालू ठेवूनच झोपला, पुढच्या रात्रीही. कंपनी कोणती ते मी लेखात लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही.

मी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. नियमानुसार पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ते बाराव्या दिवशी आलं. कार्टून मुलांच्या प्रोफाइलवरून (ॲपमध्ये घरातल्या प्रत्येकाचा वेगळा कप्पा करता येतो, तो) लावलं नव्हतं, माझ्या प्रोफाइलवरून लावलं होतं, असं त्यात होतं. आधी संताप आला. मग टीव्हीसमोर बसून बघितलं, तर खरंच तसं होतं. टीव्ही लावला की प्रोफाइलचे चार गोल दिसतात. पहिला माझा, शेवटचा धाकट्याचा. सासूबाई येईल त्या पहिल्या गोलावर ओके दाबतात. कुणीही तेच करेल. लहान मूल समोर असेल नसेल, याचा विचार न करता ट्रेलर असा अंगावर सोडणं चुकीचंच आहे, हे मी आजही म्हणते आणि त्यांना परत तसं कळवलंही. पण आमचं लॉकही चुकीच्या जागी होतं.

बहुतेक घरांत हेच होतं. मुलांचं वेगळं प्रोफाइल काढलं की आपण निश्चिंत होतो, आणि मोठ्यांचं प्रोफाइल सताड उघडं राहतं. वयाची मर्यादा प्रोफाइलला लागते, सोफ्यावर कोण बसलंय ते टीव्हीला कळत नाही. म्हणून पिन मोठ्यांच्या प्रोफाइलला हवा आणि मुलांचं उघडं ठेवायला हवं. मग आजीनं विचार न करता कुठलंही बटण दाबलं तरी ती मुलांच्याच खोलीत पोचते. ट्रेलर आपोआप सुरू होणंही बंद करता येतं. नेटफ्लिक्सनं ती सोय २०२० मध्ये दिली, बाकीच्यांकडे सेटिंगमध्ये शोधून बघावं लागतं.

मोठ्यांसाठीच्या गोष्टी त्याच ॲपवर असायला माझी हरकत नाही, या वाक्यावर तुम्ही बोट ठेवलंत. ते मी मागे घेत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे सांगलीतच मराठी नाटकाची सुरुवात केली, त्यांच्या नावाच्या नाट्यमंदिरात मी लहानपणी बालनाट्यं बघितली. आणि ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी पाटी असलेल्या नाटकाच्या रात्री मला आत्याकडे झोपायला धाडलं जायचं. एकच छप्पर, एकच रंगमंच. त्यामुळे नाट्यमंदिर बाटलं असं आमच्या घरात कुणाला वाटलं नाही, कारण दारात माणूस उभा असायचा. तो तिकीट बघायचा आणि तिकीट दाखवणाऱ्याचं तोंडही बघायचा. हॉलमधल्या टीव्हीला तसा दारवान नाही. तो आपल्यालाच बसवावा लागतो, आणि बसवायचं काम सोपं करून देणं ही पैसे घेणाऱ्याची जबाबदारी आहे.

सेन्सॉर बोर्डाबद्दल. ते थिएटरात लागणाऱ्या चित्रपटांना प्रमाणपत्र देतं, १९५२ च्या कायद्याखाली. ओटीटीवरच्या मालिका त्याच्याकडे जातच नाहीत. त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राचे वेगळे नियम आले. त्यानुसार कंपनीनं स्वतःच वर्गवारी करायची: यू (सगळ्यांसाठी), यूए ७+, यूए १३+, यूए १६+ (त्या त्या वयापुढच्यांसाठी) आणि ए (फक्त प्रौढांसाठी). तेरा वर्षांपुढच्या प्रत्येक वर्गाला पालकांच्या लॉकची सोय द्यायची, ‘ए’ साठी प्रेक्षकाचं वय तपासण्याची खात्रीशीर व्यवस्था ठेवायची. कंपनीचं उत्तर पटलं नाही तर निवृत्त न्यायमूर्ती किंवा तशाच मान्यवर व्यक्तीच्या नेतृत्वाखालच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं, त्यावर मंत्रालयाची देखरेख आहे. या वाटेनं आपल्यापैकी फार थोडे जातात. संतापून व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड पाठवण्यापेक्षा तक्रार अधिकाऱ्याला एक ईमेल लिहा, एवढी माझी विनंती आहे.

‘मिकी माऊसवाल्यांनी फसवलं’ हे तुमचं वाक्य अमेरिकेतल्या आईबापांच्या तोंडी जास्त शोभेल. तिथे मिकी माऊसवाल्या डिस्नेचं ॲप, डिस्ने प्लस, नोव्हेंबर २०१९ मध्ये आलं ते घरातल्या सगळ्यांनी बिनधास्त बघावं असं म्हणत. मार्च २०२२ मध्ये मार्वलच्या मोठ्यांसाठीच्या मालिका त्यावर आल्या आणि ग्राहकांना लॉकची सेटिंग नव्यानं निवडायला सांगितलं गेलं. त्याच जुलैत ‘डेडपूल’ आणि ‘लोगन’सारखे फक्त मोठ्यांचे चित्रपटही आले. म्हणजे घेतलेली वस्तू घरात आल्यावर बदलली. आपल्याकडे तेच नाव एप्रिल २०२० मध्ये आलं ते हॉटस्टारला जोडून. त्या दुकानात क्रिकेट, सासूसुनांच्या मालिका आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’ आधीपासून शेजारी शेजारी मांडलेले होते. माल लपवला नव्हता. पाटीवर मात्र कार्टून मोठं रंगवलं होतं, आणि तिथे तुमचा राग मला पटतो.

आता पैशाचं. तुम्ही म्हणता, शंभर-दीडशे रुपयांसाठी कोण एवढा विचार करतं? मला वाटतं, तो आकडाच फसवा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सनं मोबाईलचा प्लॅन १९९ वरून १४९ वर आणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं, तेव्हा जाहिरातींसह मोबाईलचा प्लॅन तीन महिन्यांना १४९ होता. पण मोबाईलच्या प्लॅनवर टीव्हीला हात लावता येत नाही. म्हणजे पोरगं फोन घेऊन आतल्या खोलीत, पांघरुणात. घरासाठी मला तो सगळ्यात महाग वाटतो. थोडे जास्त देऊन टीव्हीवर चालणारा घ्यावा, नाहीतर अजिबात घेऊ नये. ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांना हे मी हात जोडून सांगेन.

वर्षाची वर्गणी स्वस्त पडते, तरी मी घेत नाही. एकदा वर्षाचे पैसे गेले की ‘भरलेत तर बघून घेऊ’ सुरू होतं. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे दर महिन्याचे पैसे आपोआप कापण्याआधी किमान २४ तास मेसेज येतो. तो आला की मी घरात विचारते: गेल्या महिन्यात कुणी काय बघितलं? सगळ्यांनी मिळून बघितलेलं एकही नाव निघालं नाही, तर मी तो महिना रद्द करते. गेल्या वर्षी बारापैकी पाचच महिने पैसे भरले. मे महिन्यात, गणपतीनंतरच्या पावसात आणि दिवाळीच्या सुट्टीत पुरेपूर वसूल झाले. बाकी महिन्यांत त्याची आठवणसुद्धा आली नाही.

वडगावाबद्दल तुमच्याइतकाच मलाही आदर आहे. तिथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद राहतात. पण काका, गावानं टीव्ही विकले नाहीत. वेळ ठरवली, आणि त्या वेळेत मोठ्यांनीही बंद ठेवायचं ठरवलं. माझ्या घरात अडतं ते इथे. पोरांना अभ्यासाला बसवून मी स्वतः स्वयंपाकघरात फोनवर मालिका लावत होते. आता सात ते साडेआठ माझाही फोन फ्रिजवर असतो. लेकीनं ते लगेच हेरलं. सासूबाईंची सातची मालिका मात्र अजून सुटलेली नाही, आणि त्यांना सांगायचा धीर माझ्या नवऱ्याला झालेला नाही.

परवाच पैसे कापण्याचा मेसेज आला. सहामाही तोंडावर आहे, बघितल्याचं एकही नाव निघालं नाही, बंद केलं. दिवाळीत परत घेईन.

तुमच्या नातवंडांसाठी: मुलाला सांगा, आधी त्याच्या आणि सुनेच्या प्रोफाइलला पिन टाका, गाडीचा किंवा वाढदिवसाचा नको. मग मुलांचं एक प्रोफाइल, वय सात, पिनशिवाय. नंतर टीव्ही बंद करून पुन्हा लावा आणि तुम्ही स्वतः एकेका गोलावर ओके दाबून बघा. मुलांच्या गोलाखेरीज सगळीकडे पिन मागितला, तर रिमोट हातात घ्यायला हरकत नाही. कुठे अडलं तर इथेच लिहा, टीव्ही कुठल्या कंपनीचा आहे तेवढं सांगा.