वक्त्यांविना झालेले एक प्रकाशन

गेल्या महिन्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात कादंबरीच्या प्रकाशनाला गेले होते. दीपप्रज्वलन झाले, ईशस्तवन झाले, पाहुण्यांचा परिचय झाला, शाल-श्रीफळ झाले आणि मग चमकीच्या कागदातून बाहेर काढलेली प्रत छातीशी धरून व्यासपीठावरच्या सगळ्या मान्यवरांनी छायाचित्रकाराकडे पाहिले. दुसऱ्या क्रमांकाच्या वक्त्यांनी आपल्या लांबलेल्या भाषणात नायिका अखेरीस काय निर्णय घेते आणि का घेते, हे सविस्तर सांगून टाकले. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी येतानाच दारावरच्या टेबलावरून सवलतीत प्रत घेतली होती. हे वाक्य ऐकताच त्यांनी ज्या नजरेने त्या प्रतीकडे पाहिले, ती नजर व्यासपीठावरून कोणाला दिसली असेल असे वाटत नाही.

मला त्या वेळी २१ जुलै २००७ हा दिवस आठवत होता. मी आजवर पाहिलेल्या प्रकाशनांपैकी ते एकच असे होते, की ज्यात एकही भाषण झाले नाही आणि जमलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ते पुस्तक त्याच दिवशी वाचून संपवायचे होते. हॅरी पॉटर मालिकेतला सातवा आणि शेवटचा भाग त्या दिवशी विक्रीला आला. ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून एक मिनिट झाले की विक्री सुरू करायची, असे ठरले होते. अमेरिकेने आपली स्थानिक मध्यरात्र धरली. आपल्याला लंडनचे घड्याळ लागू होते आणि तिकडे उन्हाळी वेळ चालू असल्यामुळे ती मध्यरात्र आपल्याकडे पहाटे चार वाजून एकतीस मिनिटांनी होणार होती. ठाण्यातल्या ज्या दुकानात आम्ही आगाऊ पैसे भरून पावती घेतली होती, त्यांनी थोडी दया दाखवून सहा वाजता शटर उघडायचे ठरवले होते.

आम्ही म्हणजे मी आणि माझी भाची. तिच्या आईवडिलांनी एका पुस्तकासाठी जुलैच्या पावसात पहाटे घराबाहेर पडायला स्वच्छ नकार दिला होता, त्यामुळे ती कामगिरी मावशीकडे आली. मी स्वतः तोवर मालिकेतले पहिले दोन भागच वाचले होते आणि ते मला बरे वाटले होते, त्यापलीकडे काही नाही. हे सांगण्याचे कारण एवढेच, की पुढे जे लिहिते आहे ते चाहतीचे लिखाण नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मॉलच्या छताखाली पन्नास-साठ माणसे उभी होती. रेनकोट घातलेली मुले, अर्धवट झोपेतले वडील, रात्रपाळी संपवून परस्पर आलेले दोन तरुण आणि नातवाच्या नावाची पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले एक आजोबा. ठाण्यात पहाटेची रांग नवी नाही. शाळेच्या प्रवेश अर्जासाठी, रेल्वेच्या आरक्षणासाठी, दिवाळीत गावी जाणाऱ्या एसटीसाठी लोक येथे रात्र काढत आले आहेत. फिरायला निघालेले एक गृहस्थ छत्री तिरकी करून थांबले आणि त्यांनी विचारले, "कोणत्या शाळेचे फॉर्म?" पुस्तकासाठी आहे असे कळल्यावर ते "गाइड का?" असे म्हणाले. गोष्टीचे पुस्तक आहे, असे आजोबांनी सांगितल्यावर त्यांनी क्षणभर आम्हा सगळ्यांकडे पाहिले आणि काही न बोलता ते निघून गेले.

त्या रांगेत एक अलिखित शिस्त होती. शेवटी काय होते याविषयी कोणी अवाक्षर काढायचे नव्हते, कारण कोणाला खरे कळलेले असण्याची शक्यता होती. विक्रीच्या आधी काही दिवस अमेरिकन आवृत्तीच्या पानापानांची छायाचित्रे इंटरनेटवर फुटली होती आणि न्यूयॉर्क टाइम्सने तर दोन दिवस आधीच परीक्षण छापून टाकले होते. भाचीने मला घरूनच बजावले होते, "मावशी, कोणी बोलायला लागलं ना, तर सरळ विषय बदल. पावसाचं बोल." मी पावसाचे बोलले. शेजारचे वडीलही पावसाचेच बोलत होते आणि त्यांनाही बहुधा घरूनच सांगितलेले असावे.

शटर वर गेल्यावर काउंटरमागे ठेवलेले खोके दिसले. ते आमच्यासमोरच कटरने उघडण्यात आले. कामावरच्या मुलाने चिकटपट्टी कापताना पाते आत जाऊ नये म्हणून ते इतके आडवे धरले होते, की रांगेतल्या लोकांनाच धीर धरवेना. पावती दाखवायची, तिच्यावर शिक्का घ्यायचा, प्रत घ्यायची आणि बाजूला व्हायचे, एवढाच कार्यक्रम होता. माझ्या भाचीने पहिली गोष्ट केली ती म्हणजे शेवटची पाने बोटांच्या चिमटीत धरून माझ्याकडे दिली आणि त्यांना रबरबँड लावायला सांगितले. स्वतःवर तिचा तेवढाही विश्वास नव्हता. ब्रिटिश आवृत्तीची ६०७ पाने तिने रविवारी दुपारी संपवली. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही तिथेच उभ्या होतो आणि त्या वेळात मी जे पाहिले ते मला अजून मोलाचे वाटते: मॉलच्या पायऱ्यांवर वीस-पंचवीस माणसे एकच पुस्तक उघडून, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, पहिले प्रकरण वाचत बसली होती. त्यांत ते आजोबाही होते. नातू घरी झोपला असेल, तोवर आपण दोन पाने वाचून घेऊ, असा त्यांचा हिशेब असावा.

आता यावर नेहमी येणारा आक्षेप मला ठाऊक आहे: हा सगळा बाजार होता, मुलांच्या उत्सुकतेचे भांडवल होते. बाजार होता, यात शंका नाही. एकाच दिवशी विक्रीची पद्धतही भाबड्या कारणातून आलेली नव्हती. या मालिकेचे दुसरे आणि तिसरे पुस्तक अमेरिकेत ब्रिटनच्या काही महिने नंतर आले, तेव्हा तिथल्या वाचकांनी ते इंटरनेटवरून ब्रिटनमधून मागवायला सुरुवात केली आणि अमेरिकन प्रकाशकाचे गिऱ्हाईक पळू लागले. म्हणून चौथे पुस्तक ८ जुलै २००० रोजी दोन्ही देशांत एकदम आले आणि मध्यरात्रीच्या विक्रीची प्रथा तिथून खरी रुजली. त्याआधी, १९९९ साली, तिसरे पुस्तक ब्रिटनमध्ये दुपारी पावणेचारला विक्रीला आले होते, कारण मुलांनी त्यासाठी शाळा बुडवू नये. मला ही वेळ मध्यरात्रीपेक्षा अधिक शहाणपणाची वाटते.

गुप्ततेचा अतिरेकही झाला. २००५ साली सहाव्या भागाच्या वेळी कॅनडातल्या एका दुकानाने चुकून काही प्रती आधीच विकल्या, तर तिथल्या न्यायालयाने त्या विकत घेणाऱ्यांना ठरलेल्या दिवसापर्यंत पुस्तक वाचू नये, असा आदेश दिला. पैसे देऊन घेतलेले पुस्तक घरात असताना वाचायला न्यायालयाची मनाई, हे मला आजही संतापजनक वाटते. शिवाय या गर्दीचा फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. ब्रिटनमध्ये सातव्या भागाची छापील किंमत १७.९९ पौंड होती आणि एका सुपरमार्केटच्या साखळीने तो ५ पौंडांना विकला. एवढ्या सवलतीपुढे छोट्या पुस्तक दुकानदाराने काय करायचे? तो रात्रभर दिवे लावून, मुलांना खाऊ वाटून उभा राहिला आणि गल्ला दुसऱ्याचा भरला. ब्रिटन आणि अमेरिका मिळून पहिल्या चोवीस तासांत १ कोटी १० लाख प्रती खपल्या, हा आकडा सांगताना ही बाजूही सांगायला हवी.

तरीही मी त्या पहाटेची बाजू घेते. बाजाराने रांग लावली हे खरे, पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्या पद्धतीत एक मान होता, जो आमच्या प्रकाशन समारंभात त्याला मिळत नाही. त्या दिवशी समीक्षक, मंत्री, देणगीदार आणि शाळकरी मुलगी या सगळ्यांना पुस्तक एकाच वेळी मिळणार होते. तिच्याआधी ते कोणी वाचून, त्याचा अर्थ लावून, शेवट सांगून ठेवलेला नव्हता. आमच्याकडे याच्या नेमके उलट घडते. वक्त्यांना प्रती पंधरा दिवस आधी पोचतात, मित्रमंडळींना भेट मिळतात, परिचितांची परीक्षणे प्रकाशनाच्या आधीच्या रविवारी छापून येतात, आणि खिशातले पैसे देऊन पुस्तक घेणारा माणूस या ओळीत अगदी शेवटी उभा असतो. तो नवव्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो आणि चहासाठी थांबतो. ठाण्यासारख्या शहरात, जिथे १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आजही चालू आहे, तिथे तरी वाचकाला एवढे मागे बसवायचे कारण नव्हते.

मराठी पुस्तकाला इतकी गर्दी कुठे होणार, हे मला दरवेळी ऐकवले जाते. हजार-अकराशे प्रतींच्या आवृत्त्या, त्याही वर्षानुवर्षे न संपणाऱ्या, हे वास्तव मी नाकारत नाही. पण ज्या मालिकेसाठी आम्ही पावसात उभ्या होतो, तिच्या पहिल्या भागाची १९९७ सालची पहिली ब्रिटिश आवृत्ती बांधीव स्वरूपात फक्त ५०० प्रतींची होती आणि त्यांतल्या बऱ्याचशा ग्रंथालयांतच गेल्या होत्या. पहिल्या पुस्तकाला रांग नव्हती. ती पुढच्या पुस्तकासाठी वाचकाला थांबवून ठेवण्यातून हळूहळू तयार झाली. मराठी वाचकाला वाट पाहणे अनोळखी आहे असेही नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण दरवर्षी ठरावीक सुमारास अंकांची वाट पाहतो आणि वाचनालयात नंबर लावून भांडतोही. मात्र आपले अंक एक दादरला आधी, एक पुण्यात आधी, एक लक्ष्मीपूजन उलटल्यावर, असे सुटे सुटे येतात, आणि त्यामुळे सगळ्यांनी मिळून एकाच वेळी उघडण्यातली मजा मिळत नाही. याच मालिकेचे मराठी अनुवाद भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने काढले, तेही मी ठाण्यातल्या दुकानात एके दिवशी नुसते फळीवर लागलेले पाहिले. ते कधी आले, हे त्या दुकानदारालाही आठवत नव्हते.

परिचयातल्या एका प्रकाशकांना हे सगळे बोलून दाखवले, तर ते हसले. "ताई, आमचं पुस्तक छापखान्यातून निघालं की वितरक घेऊन जातो. ठाण्याला दुसऱ्या दिवशी, नागपूरला महिन्यानं. एकाच वेळी सगळीकडे पोचवायचं तर गठ्ठे अडकवून ठेवावे लागतील, तेवढे दिवस पैसे कोण अडकवणार?" हा प्रश्न खरा आहे आणि भाषणांपेक्षा अधिक विचार करण्यासारखा आहे. म्हणून मध्यरात्र नको, सगळा महाराष्ट्रही नको. आधीच्या भागाचा वाचक तयार असलेली एखादी मालिका घ्यावी, ठाणे, नाशिक, कोल्हापूर आणि नागपूर एवढ्या चारच ठिकाणी तिचे गठ्ठे बांधलेले ठेवावेत आणि शनिवारी सकाळी सात वाजता ते उघडावेत. आगाऊ पैसे भरणाऱ्याला पावती द्यावी, म्हणजे प्रकाशकाच्या अडकलेल्या पैशांचा काही भाग आधीच हाती येईल. वक्त्यांना प्रती सात वाजून एक मिनिटाने मिळाव्यात, आणि त्यांनीही रांगेत उभे राहून घ्याव्यात. लेखकाला बोलवायचे असेल तर अवश्य बोलवावे, पण बिलाच्या टेबलाशेजारी खुर्ची देऊन सह्या करायला बसवावे.