म्हणे झोपडी टाका, चार हेक्टर मिळवा, बिल्डरला विका!

भाचा स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. त्यानं काल 'वनहक्क कायद्याचं सत्य' नावाचा मेसेज पाठवला आणि विचारलं, "मामा, नोट्समध्ये घालू का?" अजिबात नको. हा मेसेज सगळीकडे फिरतोय, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो.

सुरुवातच अशी: 'जंगलात झोपडी टाका, चार हेक्टर मिळवा, बिल्डरला विका.' जंगलात राहून जमीन कसणाऱ्यांना हक्क देणारा 2006 चा हा कायदा लिहिणाऱ्यानं एकदा उघडून तरी बघायचा! जमीन 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताब्यात असेल तरच दावा करता येतो. बिगर-आदिवासी असाल, तर तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं तिथलेच असल्याचा पुरावा लागतो. चार हेक्टर ही कमाल मर्यादा आहे. एक एकर कसत असाल तर एक एकरच मिळणार. राहिली विक्री. कलम 4(4) प्रमाणे हा हक्क वारसाकडे जातो, पण विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. बिल्डर तो घेऊन काय करणार, भिंतीला टांगणार?

हां, खोटे दावे झाले. मुदतीनंतर झाडं तोडून जुनी वहिवाट दाखवणारेही निघाले. मान्य. पण ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती अशी चाळणी आहे, आणि तिच्यात खऱ्या लोकांचेही दावे अडकलेत. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

मेसेज पुढे म्हणतो, 'आदिवासींच्या हाती दिलं की जंगल संपलं.' गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव बघा. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, 2011 पासून ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली. जंगल उभं आहे.

सगळ्यात संताप आणणारा मुद्दा पुढचा: 'बाहेरचे भडकवतात, नाहीतर गावकरी खाणीला आनंदानं हो म्हणतील.' अहो, विचारलं होतं की! ओडिशातल्या नियमगिरीत बॉक्साइटची खाण होणार होती. 18 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. डोंगरात शंभरावर वस्त्या, त्यातली 12 गावं राज्य सरकारनंच निवडली. निरीक्षक म्हणून न्यायाधीश बसले. तिथले डोंगरिया कोंध आदिवासी बोलले, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. जानेवारी 2014 मध्ये केंद्रानं परवानगी नाकारली. यात बाहेरचं कोण होतं? न्यायाधीश?

आणि आपल्याकडे? जनसुनावणी प्रकल्पाजवळ घ्यावी असा नियम असताना, गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिज खाणीच्या विस्ताराची 2022 ची सुनावणी झाली गडचिरोली शहरात. एटापल्लीपासून शंभरावर किलोमीटर. आतल्या गावांनी मजुरी बुडवून एवढं यायचं, आणि नाही आले की 'विरोध नाही' लिहायला आपण मोकळे.

'खाण आली की रोजगार येतो' हा मेसेजमधला मुद्दा अर्धा खरा. स्थानिक पोरांना खाणीवर कामं मिळतात, नाही कोण म्हणतंय? पण त्यामुळे ग्रामसभेला विचारायची गरज संपते, असं कायद्यात कुठंच लिहिलेलं नाही.

शेवटचा मुद्दा, विरोधामागे 'परदेशी पैसा' असल्याचा. त्यात नाव नाही, आकडा नाही, तारीख नाही. त्यावर लिहिणार तरी काय?