कुठं लागला हाय तो पिक्चर?

सकाळपासून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहायला बसले. बाहेर पाऊस. सोयाबीन सोंगायला आलं आणि वरून हा पाऊस, त्यामुळे घरात तसेही सगळे चिडलेले. त्यात आमच्या माहेरच्या ग्रुपवर काल रात्री मी 'साबर बोंडं'ची बातमी टाकली होती. रोहन परशुराम कानवडे यांचा पहिला मोठा सिनेमा. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांमधलं सगळ्यात मोठं ज्युरी पारितोषिक घेऊन आला आणि १९ सप्टेंबरला आपल्याकडे थेटरात लागला. बाप गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला एक मुंबईकर पोरगा आणि त्याचा गावातला मित्र, एवढीच गोष्ट. मराठी सिनेमाचं नाव तिथे पुकारलं गेलं याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून बातमी टाकली.

सकाळी उठून पाहते तर पुण्यातल्या मामेभावाचं उत्तर : "हे फेस्टिवलचे पिक्चर. गावातली गरिबी अन् घाण दाखवायची, गोऱ्यांकडून टाळ्या घ्यायच्या. आपल्या लोकांसाठी नसतात हे." खाली सहा अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या काकाचा.

आपले लोक म्हणजे कोण, भाऊ? माझी माय आपल्या लोकांत येते की नाही?

यावर्षीच्या ९ मार्चची गोष्ट सांगते. काहींना माहीत आहे, तरी सांगते. 'स्थळ' ७ मार्चला लागला होता. जयंत सोमलकर यांचा सिनेमा, आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात काढलेला. गावातल्याच माणसांनी काम केलेलं, बोली आपली. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात तो निवडला गेला आणि तिथे आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार घेऊन आला. म्हणजे टोरांटोच्या लोकांनी आपल्या जिल्ह्यातला सिनेमा आपल्या दीड वर्ष आधी पाहिला. तोपर्यंत मी फक्त वाट पाहत होते.

रविवार होता. मायले घेऊन पहाटे निघाले. आमच्या गावापासून नागपूर एकशे पंधरा किलोमीटर. आधी ऑटो, मग एसटी. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे माय खूश. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि डब्यात दशम्या, ठेचा, वर दोन कांदे. सव्वादहाचा शो होता. धावतपळत दहाला पोचलो तर खिडकीवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, पाचच तिकिटं गेली आहेत, शो होणार नाही. बाजूच्या पडद्यावर दुसरा हिंदी आहे, तो देऊ का?" बोलताना तो फोनवरून मानही वर करत नव्हता.

माय मागे उभी. तिनं विचारलं, "काहून, काय झालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आपण आलो नं इतक्या दूरून? सांग त्याले, वरोऱ्याकडून आलो म्हणा."

हे वाक्य मी सहा महिने विसरलेले नाही. तिला वाटलं, आपण दुरून आलो हे सांगितलं तर तो पोरगा पिक्चर लावेल. पाहुणा दुरून आला तर आपण चूल पुन्हा पेटवतो, तसं.

रिकाम्या खुर्च्यांवर एसी चालवणं थेटरवाल्याला परवडत नाही, हे कळतं मला. पण खुर्च्या रिकाम्या का होत्या? रविवारी सकाळी सव्वादहाला कोण येणार? २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सला सांगितलं होतं की मराठी सिनेमा दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळात दाखवा. तेव्हा केवढी भांडणं झाली, केवढे लेख आले. आणि दहा वर्षांनी आमच्या वाट्याला सव्वादहा. तालुक्याला तर तेही नाही. ज्या थेटरात मी लहानपणी बाकड्यावर बसून पिक्चर पाहिले त्याचं आता गोडाऊन झालं आहे, आत हरभऱ्याची पोती लागतात.

आता त्या "गरिबी विकतात" बद्दल. हे नवीन नाही रे भाऊ. १९८० साली राज्यसभेत नर्गिसबाईंनी सत्यजित राय यांच्यावर हाच आरोप केला होता, परदेशात भारताची गरिबी दाखवता म्हणून. ज्या 'पथेर पांचाली'ला १९५६ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात गौरवलं, तो काढणाऱ्या माणसावर! पंचेचाळीस वर्षं झाली, वाक्य तेच, फक्त आता व्हॉट्सअॅपवर येतं. महोत्सवाच्या ज्युरीला काय आवडेल हे हेरून गाव रंगवणारे काही असतील. असतील, मान्य. पण माझ्या घरात कापूस भरलेला असतो, भाव पडलेला असतो आणि त्या भावावर पोरीचं लग्न अडलेलं असतं, हे कोणी दाखवलं तर ती घाण कशी काय झाली? ते माझं घर आहे.

'गाभ्रीचा पाऊस' आठवतो का कोणाला? सतीश मनवरांचा. २००९ साली रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला. आपल्या विदर्भातल्या कापूसवाल्याचं घर. शेजारच्यानं आत्महत्या केली आणि आता आपला नवराही तसंच करेल या धास्तीनं बायको पोराला सतत त्याच्यासोबत पाठवते, त्याला एकटं सोडत नाही. हॉलंडमधल्या लोकांनी पाहिला. वर्धा नदीच्या अलीकडे-पलीकडे ज्यांच्या घरात हे घडलं त्यांच्यापैकी किती जणींनी पाहिला? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी नावही ऐकलं नव्हतं.

आणि 'कोर्ट'. २०१४ साली व्हेनिसला दोन पारितोषिकं, पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, मग भारताकडून ऑस्करला. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपले नागपूरचे वीरा साथीदार. नट नव्हते, आयुष्यभर चळवळीतला माणूस. एप्रिल २०२१ मध्ये करोनानं गेले. ते गेले त्या दिवशी माझ्या स्टाफरूममध्ये एकालाही माहीत नव्हतं की हा माणूस व्हेनिसच्या पडद्यावर उभा राहून आला होता. मला तेव्हा रडू आलं होतं, आत्ता लिहितानाही येतंय.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवाल्यांच्या बाजूनं बोलते. "कानमध्ये निवड" असं पोस्टरवर छापून जे फिरतात त्यांचा मलाही संताप आहे. कानला निवड होणं वेगळं आणि तिथल्या फिल्म बाजारात पैसे भरून हॉल घेऊन दाखवणं वेगळं. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'ची २०२४ मध्ये निवड झाली, तीही मुख्य स्पर्धेत, भारताचा सिनेमा तीस वर्षांनी तिथे पोचला आणि ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, घेऊन आला. छाया कदमांची ती रत्नागिरीची स्वयंपाकीण सगळ्या जगानं पाहिली. यंदा नीरज घेवान यांचा 'होमबाउंड' तिथल्या 'अँ सर्तें रगार' विभागात होता. हीसुद्धा निवडच. आपलं सरकार दरवर्षी काही मराठी सिनेमे बाजारात पाठवतं, यंदा त्यात 'स्थळ'ही होता. त्यात वाईट काही नाही. माल विकायला बाजारातच न्यावा लागतो, आपणही नेतो. पण बाजारात जाऊन आलेल्या प्रत्येकानं "निवड, निवड" केलं की खरोखर निवडल्या गेलेल्यांची किंमत जाते, आणि मग माझ्या मामेभावासारखी माणसं सगळ्यांनाच एका पोत्यात भरतात.

असो. मायकडे येते.

आम्ही परत फिरलो नाही. मॉलच्या बाहेर पायऱ्यांवर बसून दशम्या खाल्ल्या. तिथल्या वॉचमननं उठवलं, मग रस्त्यापलीकडे झाडाखाली बसलो. मी फोनवर शोधत राहिले. शहराच्या दुसऱ्या टोकाला संध्याकाळचा एक शो सापडला. दिवसभर कुठे काढायचा म्हणून मावसबहिणीकडे गेलो, तिथून तिलाही सोबत घेतलं. हा शो झाला. लोकही बऱ्यापैकी होते.

सुरुवातीलाच एक स्वप्न आहे. त्यात पोराला पाहायला पोरीकडच्या बाया येतात आणि प्रश्न त्याला विचारतात. माय इतकी हसली की पुढचे मागे वळून पाहायला लागले. मग स्वप्न संपतं आणि खरी पाहणी सुरू होते. समोर ओळीनं बसलेले माणसं. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद काय. पुन्हा दुसरं स्थळ, पुन्हा तेच प्रश्न, त्याच चालीत. पोरगी सावळी आहे. माय हसायची थांबली. मध्येच हलक्या आवाजात म्हणाली, "कापसाले भाव नाही तं हा कुठून करीन लग्न." पडद्यावरच्या बापाबद्दल बोलत होती, जणू तो आमच्या गल्लीतला. टोरांटोत ज्या एकेका वाक्याखाली इंग्रजी अक्षरं लागली असतील, ते प्रत्येक वाक्य माझ्या चौथी शिकलेल्या मायले सरळ कळत होतं. कोणता सिनेमा तिचा नाही म्हणतोस भाऊ? सांग ना.

मला नऊ स्थळांनी पाहिलं होतं. आठांनी नकार दिला, कारण रंग. हे ग्रुपवरच्या सगळ्या मोठ्यांना माहीत आहे, त्यातले दोघं तर मध्यस्थ होते. मी ते सगळं मागे टाकलं आहे, घर चांगलं मिळालं, नोकरी आहे. पण दर वेळी तोंडाला लावलेली ती पावडर, गळ्याजवळ दिसणारी तिची रेघ, आणि मायनं पदराच्या टोकानं ती रेघ पुसणं, हे पडद्यावरच्या पोरीकडे पाहताना सगळं परत आलं. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत नव्हतो.

रात्री गणेशपेठच्या स्टँडवर चंद्रपूरची गाडी लागायला तासभर वेळ होता. माय बाकड्यावर बसून बराच वेळ गप्प. मला वाटलं थकली. मग म्हणाली, "तुले आत पाठवलं की मी दाराआड उभी राहत होती. कपबश्या वाजते का, तेच ऐकत होती. वाजल्या का मले समजे, पोरीचा हात कापून राह्यला. मंग मी तिथूनच देवाले म्हणे, लवकर उठव बाप्पा यायले."

वीस वर्षांत हे ती मला बोलली नव्हती. मला वाटायचं, तिला घाई होती, कसंही करून उरकायचं होतं. वीस वर्षं मी तसंच धरून चालले होते.

हे त्या दीड-पावणेदोन तासांच्या सिनेमामुळे झालं. त्यात हाणामारी नाही, ओळखीचा एक चेहरा नाही. त्याला तू "आपल्या लोकांसाठी नाही" म्हणतोस आणि माझा सख्खा काका अंगठा देतो.

(आत्ता भावाचा मेसेज आला, "ताई, मी सहज बोललो." ठीक आहे. तू सहज बोललास हे मला कळलं. पोस्ट काढणार नाही, कारण सहजच सगळे असं बोलतात.)

दुसऱ्या दिवशी माय हरभरा सोंगायला गेली. पंधरा-सोळा बाया होत्या वावरात. तिनं त्यांना पूर्ण पिक्चर सांगितला, पहिल्या स्वप्नापासून. जेवणाच्या सुट्टीत सांगायला लागली ते दिवस बुडेपर्यंत. काही जणी हसल्या, एकीनं म्हणे विळा खाली ठेवून डोळे पुसले. आणि मग त्यांनी विचारलं, "कुठं लागला हाय तो पिक्चर?" माय म्हणाली, नागपूरले. "आपलाच हाय नं? मंग आपल्याकडं काहून नाही लागला?"

मायनं संध्याकाळी फोन करून मला तोच प्रश्न विचारला. मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं.

तर आता कामाचं. माहेरच्या गावात समाजमंदिराचा हॉल आहे, दोनशे माणूस बसतं. शाळेचा प्रोजेक्टर मी बोलून घेऊ शकते, पडद्याला पांढरी चादर चालेल, लाइट गेली तर जनरेटर लग्नवाल्याकडून मिळतो. चोरून, मोबाइलवरून उतरवलेलं दाखवायचं नाही, ज्यांनी मेहनत केली त्यांचे पैसे त्यांना गेले पाहिजेत. बाया पन्नास पन्नास रुपये द्यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. गावात 'स्थळ'चा एक शो रीतसर कसा लावायचा, परवानगी कोणाकडून घ्यायची, हे ज्यांना माहीत असेल किंवा तो सिनेमा काढणाऱ्या लोकांशी ज्यांची ओळख असेल त्यांनी मला इनबॉक्समध्ये सांगा. सोयाबीन निघाल्यावर, कापूस वेचणी जोरात सुरू व्हायच्या आधी, मधले आठ-दहा दिवस बायांना सवड असते. तेवढ्यात जमलं तर पाहा.