तार नाही, मग भीती कसली?

उन्हाळ्याने ४५ अंशांचा उंबरठा ओलांडला, की आमच्या आर्वी तालुक्यात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, त्यांच्या ताट्यांत नवा वाळा भरला जातो, आणि ज्या घरात मागल्या वर्षी कूलर विटांच्या चळतीवर उभा होता, त्या घरात यंदा खिडकीबाहेर लोखंडी स्टँड ठोकण्याचा संकल्प सोडला जातो. पूर्वी या कामासाठी मिस्त्रीला तीन दिवस निरोप धाडावे लागत आणि चौथ्या दिवशी तो छिन्नी-हातोडी घेऊन येई. आता आळीगणिक एक तरी कॉर्डलेस रोटरी हॅमर आला आहे. भिंतीत ठोकत-फिरत भोक पाडणारे, बॅटरीवर चालणारे, सुमारे तीन किलो वजनाचे आणि बंदुकीसारखे दिसणारे हे यंत्र ज्याच्या हाती आहे, त्याला गावात सरपंचाखालोखाल मान असतो. तो मान कसा टिकवावा, याविषयी चार गोष्टी सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. माझ्या चुलतभावाने हे यंत्र घेतले आणि आमच्या मोठेबाबांच्या घरी कूलरच्या स्टँडसाठी चार भोके पाडण्याचे जे कार्य झाले, त्याला मी आरंभापासून अखेरपर्यंत हजर होतो.

पहिली गोष्ट खोके उघडतानाची. यंत्राबरोबर एक पुस्तिका, एक आडवी मूठ आणि भोकाची खोली मोजणारी एक दांडी येते. खोक्यातली रिकामी जागा भरण्यासाठी या वस्तू घातल्या असाव्यात, असे समजून त्या बाजूला ठेवाव्यात. आमच्याकडे पुस्तिका हलणाऱ्या दिवाणाच्या पायाखाली नेमकी बसली. मूठ भाच्याकडे गेली, कारण तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाच्या दोरीला धरण्याजोगे काहीतरी त्याला हवेच होते. दांडीने चुना ढवळण्यात आला.

बॅटरीविषयी बोलायचे तर आमच्या पानठेल्यावर १८ व्होल्टचे यंत्र चांगले की २० व्होल्टचे, यावर एक संपूर्ण सायंकाळ वाद झाला आणि २० व्होल्टवाल्यांचा पक्ष दोन व्होल्टनी जिंकला. दोन्ही बॅटऱ्यांत लिथियम-आयनचे पाच घट एका ओळीत जोडलेले असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरले की बेरीज १८ होते आणि पूर्ण चार्ज झाल्याबरोबरचे प्रत्येकी सुमारे ४ धरले की तीच बेरीज २० होते, हे सांगून त्या सायंकाळचा विरस करण्याचे पाप आपण करू नये. चार्जिंगसाठी पत्र्याखालची ओसरी निवडावी. बहुतेक बॅटऱ्या ४० ते ४५ अंशांपेक्षा जास्त उष्णतेत चार्ज करू नयेत, असे पुस्तिकेत लिहिलेले असते, पण ते वाचण्यासाठी दिवाण कोण उचलणार? दुपारी दोन वाजता लाल दिवा लुकलुकवून चार्जर काम नाकारतो, तेव्हा तो बॅटरी निवण्याची वाट पाहत असतो. आपण मात्र तो बिघडला असे जाहीर करावे. माझ्या चुलतभावाने बॅटरी ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवली. अधिक उत्साही मंडळींनी फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्याचाही विचार करावा. शून्याखाली गेलेली बॅटरी तशीच चार्ज केली, तर घटांच्या आत लिथियम धातूचा थर साचतो, पण तो बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. सुटी बॅटरी नेहमी स्क्रू आणि खिळ्यांच्या डब्यात टाकावी. एखादा खिळा तिच्या दोन्ही टोकांवर आडवा पडला की डबा आपोआप तापू लागतो आणि कुठे काय ठेवले आहे, हे हाताला लगेच कळते.

बिट, म्हणजे यंत्राच्या तोंडात बसणारी भोक पाडणारी दांडी, बसवताना बॅटरी काढून ठेवण्याचे कारण नाही. भोक पाडून झाल्याबरोबर बिट उघड्या बोटांनी काढावे, म्हणजे काँक्रीटमध्ये ते किती तापते, याचा पुराव्यासह अनुभव बोटांवर राहतो. बिटाच्या शेपटीवर ज्या खाचा दिसतात, ती १९७५ च्या सुमारास बॉश कंपनीने आणलेली एसडीएस पद्धत. त्या मूळ जर्मन शब्दांचा अर्थ घाला, फिरवा, बसले, इतका सोपा आहे. बसलेले बिट बोटाने ओढून पाहिले तर थोडे पुढे-मागे सरकते, आणि ते सरकायलाच हवे, कारण यंत्रातला दट्ट्या हवेच्या गादीवरून एका लोखंडी ठोकळ्याला फेकतो, तो ठोकळा बिटाच्या बुडावर आपटतो आणि त्या दणक्यासरशी बिट पुढे जाते. हे मिनिटाला चार-पाच हजार वेळा घडते. चुलतभावाने मात्र बिट हलवून पाहिले, ‘ढिलं हाय बापा’ असे म्हटले आणि शेपटीला काळ्या टेपचे दोन वेढे दिले. वेढे दिलेले बिट आत जाईना, तेव्हा ते वरून हातोडीने ठोकून बसवले. हातोडीच्या यंत्रात हातोडीने बिट बसवण्याचा हा मान आमच्या घराण्याला मिळाला, असे मी मानतो.

यंत्र चालू झाल्यावर सर्व शक्तीनिशी रेटावे. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका देतात आणि तिथे मागून जोर द्यावा लागतो, तीच सवय इथेही चालवावी. रोटरी हॅमर स्वतःच ठोकतो, त्याला केवळ सरळ धरून ठेवणे पुरते, फार दाबले तर त्याचा ठोका उलट मंदावतो, या गोष्टींवर विश्वास ठेवला तर आपल्या दंडांचा उपयोग काय?

भिंतीची पारख करण्यात वेळ घालवू नये. मोठेबाबांच्या घराचा पुढचा अर्धा भाग पांढऱ्या मातीचा आहे आणि मागचा अर्धा औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या विटांचा, ज्यात खिडकीवर काँक्रीटची पडदी आहे. यंत्रावर केवळ फिरणे, फिरणे आणि ठोकणे, केवळ ठोकणे अशा तीन खुणा असतात, आणि मातीच्या किंवा ठिसूळ विटांच्या भिंतीला पहिली खूण पुरते. परंतु ठोकण्याचे पैसे मोजलेले असताना न ठोकणे हा तोटाच. चाचणी म्हणून पहिले भोक मातीच्या भिंतीत ठोकत पाडले गेले आणि परातीएवढा पोपडा खाली आला. मोठेबाबांनी त्या ढिगाकडे पाहिले, आणि ‘हे भीत माह्या आज्यानं बांधली व्हती’ एवढेच म्हणून ते ओसरीवर जाऊन बसले.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा लेखप्रपंच. यंत्राला तार नाही म्हणून विजेचा धक्का बसत नाही, असा आमच्या गावाचा ठाम सिद्धांत आहे. भिंतीत तार असते, ही क्षुल्लक बाब त्यात धरलेली नाही. बोर्डापासून तार सरळ उभी किंवा सरळ आडवी न्यावी, म्हणजे पुढच्या माणसाला ती कुठून गेली असेल याचा अंदाज येतो आणि बोर्डाच्या वर, खाली व बाजूला तो भोक पाडत नाही, अशी रीत आहे. आमचा वायरमन मात्र तारेचा पैसा वाचवणारा सज्जन माणूस असल्यामुळे त्याने बोर्डापासून पंख्यापर्यंतची पाइप भिंतीतून तिरपी नेली आणि वर प्लास्टर करून त्या काटकसरीचा पुरावा बुजवला. अशा भिंतीत बिट २३० व्होल्टच्या तारेला लागले, तर यंत्राचा पुढचा धातूचा भाग त्या तारेशी जोडला जातो. म्हणूनच पकडण्यासाठी रबर चढवलेल्या जागा दिलेल्या असतात. आपण यंत्र पुढून, बिटाच्या मानेजवळ, मायेने धरावे.

मेन स्विच बंद करण्याचा तर प्रश्नच येत नाही, कारण ती सोय आमच्याकडे परस्पर होते. सकाळी अकराला लाईन गेली. चुलतभाऊ म्हणाला, ‘आता बिनधास्त पाड भाऊ, लाईनच नाही.’ विदर्भातल्या कोणत्याही गावात राहणाऱ्या वाचकाला ठाऊक आहे, की लाईन जाण्याची वेळ एकवेळ सांगता येईल, येण्याची सांगता येत नाही. बिट भिंतीत सहा सेंटिमीटर गेलेले असताना ओसरीवरचा पंखा आपसूक फिरू लागला आणि मोठेबाबांनी तिथूनच आनंदाने ओरडून सांगितले, ‘आली रे आली!’ त्या भोकापासून तिरपी पाइप चार बोटांवर होती, हे नंतर प्लास्टर उकरल्यावर कळले. सुमारे ३० मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण बोर्डात बसवता येते, परंतु त्याच्या पैशांत कूलरची नवी मोटर येते, आणि मे महिन्यात या दोहोंतले काय निवडावे, हे मी आपल्याला सांगायला नको.

उंचीवर काम करताना शिडी मागून आणू नये. बाजेवर प्लास्टिकची खुर्ची ठेवावी. बाज खाली झुलते, खुर्ची वर डुलते आणि दोहोंचा ताल जमला की माणूस फार हलका होतो. एका हातात यंत्र धरावे, दुसऱ्या हाताने मोबाइलचा टॉर्च. पायात रबरी चपला, गळ्यात दुपट्ट्याचे टोक लोंबते ठेवलेले. फिरत्या बिटाला काहीतरी गुंडाळायला हवेच असते. अशा आसनावर बसून नव्हे, उभे राहून, चुलतभावाने खिडकीवरच्या पडदीत तिसरे भोक पाडायला घेतले. काँक्रीटमध्ये सळई असते. सळईला बिट अडकले की ते थांबते, पण मोटर थांबत नाही, आणि मग जे फिरायचे ते बिटाऐवजी यंत्र फिरते. यंत्रात अशा वेळी घसरणारा क्लच असतो. तो घसरेपर्यंतचा झटका मनगटाने सोसायचा असतो, आणि तो दोन्ही हातांत वाटला जावा म्हणूनच ती आडवी मूठ असते, जी त्या क्षणी भाच्याच्या लाकडी बैलाला बांधलेली होती. मी खाली खुर्चीचा पाय धरून वर पाहत होतो. आधी यंत्र एक गिरकी घेऊन खिडकीच्या गजावर आदळले, मग मोबाइल पडला, मग खुर्चीचा पाय बाजेच्या नवारीत रुतला आणि चुलतभाऊ वाळ्याच्या ताट्यांवर आडवा झाला. ताट्या नव्या आणि भरगच्च होत्या, यात दैवाचा हात मानावा लागेल. मनगट मात्र तीन आठवडे झाले, अजून पट्टीत आहे.

चौथे भोक आरपार पाडायचे असल्याने ते मी पाडले, आणि इथे एक सूचना करतो. भिंतीच्या पलीकडे कुणाला तरी कान लावून उभे करावे आणि अधूनमधून ‘आला का?’ असे विचारत राहावे. आरपार जाणारे बिट शेवटच्या टप्प्यावर पलीकडच्या प्लास्टरचा तुकडा गोळीसारखा उडवते. आमच्याकडे पलीकडे वहिनी होत्या. त्यांनी तीनदा ‘नाही’ असे उत्तर दिले आणि चौथ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत. तुकडा कानाच्या पाळीला चाटून गेला होता. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून मला येथे त्यांचा सल्ला देता येत नाही.

कान आणि डोळे यांबद्दल थोडक्यात. चष्मा घालू नये, कारण घामाने त्यावर वाफ धरते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पण पुढे दर तीन डेसिबलला सहन करण्याची वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे, असा एक हिशेब आहे. तो मांडणाऱ्याने आमच्याकडच्या लग्नातला डीजे ऐकलेला नसावा.

धुळीपाशी मात्र माझी थट्टा जरा अडखळते. भोक पाडून झाले की त्यात तोंडाने फुंकर मारावी, म्हणजे सगळी भुकटी डोळ्यांत आणि नाकात परत येते, एवढे सांगून मला पुढे जाता आले असते. घरी वर्षातून चार भोके पाडणाऱ्याचे त्याने फारसे बिघडणारही नाही. पण आमच्या गावातले दोन पोरगे घरकुलांच्या कामावर हेच यंत्र सकाळपासून सायंकाळपर्यंत चालवतात आणि नाकाला उन्हाचा दुपट्टा बांधतात. काँक्रीटच्या वाळूत सिलिका असते, तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि कापडाच्या विणीतून सहज आत जातात. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही, शिवाय त्यामुळे क्षयरोगाचा धोका वाढतो, आणि पुष्कळदा खोकणाऱ्या मजुराला क्षयाच्याच गोळ्या सुरू होतात. भोकाशी ओले फडके धरणे किंवा एन ९५ मास्क लावणे काही अवघड नाही. मी त्यांच्यापैकी एकाला मास्क दिला होता. त्याने तो मोटरसायकलच्या हँडलला अडकवला आहे. तिथे तो पांढरा आणि स्वच्छ राहतो.

मोठेबाबांचा कूलर सध्या पुन्हा विटांच्या चळतीवर उभा आहे. पडदीतल्या तिसऱ्या भोकात बिट अजून अडकलेले आहे, आणि वहिनी त्याला ओले फडके वाळत घालतात. यंत्र चांगले चालते. परवा शेजारचे काका ते मागायला आले, त्यांनाही स्टँड बसवायचा होता. चुलतभावाने पट्टी बांधलेल्या हाताने ते त्यांना दिले. काकांनी ते उलटसुलट करून पाहिले, एकदा हवेत चालवून पाहिले आणि निघताना दारातून वळून विचारले, ‘चार्जिंग फुल आहे ना गा?’