ताजच्या कारागिरांचे हात कुणी तोडले नाहीत

आग्र्याला जाऊन आलेल्या बहुतेकांनी ही गोष्ट ऐकलेली असते. असा ताज पुन्हा कुणी बांधू नये म्हणून शहाजहानने २० हजार कारागिरांचे हात तोडले, असं गाइड सांगतात. व्हॉट्सअॅपवरही ती फिरते. गाइड मंडळींचा पूर्ण मान राखून सांगते, हे खरं नाही.

मुघल दरबाराच्या तवारिखांत, म्हणजे इतिहासनोंदींत, याचा उल्लेख नाही. बर्निये हा फ्रेंच प्रवासी ताज पूर्ण झाल्यावर काही वर्षांतच हिंदुस्थानात आला होता. मुघलांवर टीका करताना त्याने हात आखडता घेतलेला नाही, तरी त्याच्याही लिखाणात असं काही सापडत नाही.

शिवाय बादशहाला कारागीर हवेच होते. ताजचं काम १६३२ ला सुरू झालं आणि ते चालू असतानाच १६३९ ला दिल्लीच्या लाल किल्ल्याचा पाया घातला गेला. पुढे १६५० ला तिथल्या जामा मशिदीचं काम निघालं. हात तोडून ही कामं कुणाकडून करून घेणार होता?

ताजवरची सुलेखनं अमानत खानाची. आतल्या मजकुराखाली त्याने स्वतःचं नाव आणि साल कोरलंय. नंतर त्याने अमृतसरजवळ स्वतःची सराई, म्हणजे प्रवाशांसाठी धर्मशाळा, बांधली, तिच्या दारावरही त्याचीच अक्षरं आहेत. ताजच्या दगडांवर पाथरवटांनी चांदण्या, त्रिकोण, स्वस्तिक अशा आपापल्या खुणा केल्यात. या माणसांची खरी ओळख तिथे दगडात असताना आपण त्यांना थोटं करून लक्षात ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि 'पुन्हा असा ताज नको' म्हणावं, तर औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा बघा. ताजचा आराखडा ज्यांच्या नावावर सांगितला जातो त्या उस्ताद अहमद लाहोरींच्या मुलाने, अताउल्लाने, तो १६६० च्या सुमारास बांधला. प्रवेशद्वाराच्या पितळी पत्रा मढवलेल्या दारावर अताउल्ला आणि बांधकाम पाहणारे हंसपत राय ही दोन्ही नावं आहेत. बापाची विद्या मुलाने उघडपणे चालवली, तीही शहाजहानच्या हयातीत.

शहाजहान यमुनेपलीकडे स्वतःसाठी काळ्या संगमरवराचा दुसरा ताज बांधणार होता, असंही सांगतात. त्या काळ्या ताजचंही तेच. यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत उत्खनन झालं, तेव्हा बाग आणि अष्टकोनी हौद निघाला. काळे वाटलेले दगड काळवंडलेले संगमरवरच होते.

गाइडला मात्र सगळ्या ग्रुपसमोर खोटं पाडू नका. त्याचं पोट त्यावर आहे. फेरी संपली की बाजूला घ्या आणि विचारा, "दादा, अमानत खानाची सही कुठे आहे?"